मामाचे चौदा खंड: मराठी इंद्रजाल कॉमिक्स जतन करण्याच्या नोंदी

4 मे 2024, शनिवार

मामा काल सांगलीहून आला, बरोबर दोन पत्र्याच्या ट्रंका. एकीत मामीने दिलेलं लोणचं, पापड, हळद वगैरे, आणि दुसरीत त्याची इंद्रजाल कॉमिक्स, सगळी बांधलेली, लाल-निळ्या कापडी पाठीचे जाडजूड 14 खंड. लहानपणी मे महिन्यात सांगलीला गेलो की दुपारी माळ्यावर बसून हेच वाचायचो आम्ही सगळी भावंडं, आणि मामाचा नियम एकच, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, थुंकी लावायची नाही.

मूळ खंड 17 होते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या फळीवरचे तीन गेले, 15, 16 आणि 17. चार दिवसांनी पाणी उतरल्यावर मामाने ते उचलले तर पानांचा अख्खा लगदा झालेला, हातात धरवेना. त्यानंतर दर पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पातळीचे आकडे टीव्हीवर यायला लागले की तो उरलेले 14 खंड पलंगावर ठेवायचा. आता म्हणाला, "अगं, माझ्याच्याने ही उचलाउचल होत नाही, तू पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतेस, तुझ्याकडे राहू दे."

म्हणून या नोंदी. माझ्याकडे स्वतःचे सुटे मराठी इंद्रजाल 63 आहेत, दहा वर्षांत जमवलेले. आजचा प्लॅन असा की मामाचे खंड उसवायचे, अंक सुटे करायचे, साफ करून एकेक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालायचे आणि माझ्या संग्रहात क्रमाने लावायचे. संग्राहक लोक असंच करतात, बांधलेल्या अंकाला बाजारात सुट्याच्या निम्मीसुद्धा किंमत येत नाही.

8 मे, बुधवार

ज्यांना इंद्रजाल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मार्च 1964 मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने, म्हणजे बेनेट कोलमनने, ही मालिका सुरू केली. पहिला अंक वेताळच्या पट्ट्याच्या गोष्टीचा आणि पहिले 32 अंक फक्त वेताळचेच. नंतर मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर, गार्थ, आपला बहादूर असे बाकीचे आले. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, मग आठवड्याला. 1990 ला बंद. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ अशा बऱ्याच भाषांत निघायचं.

वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. अमेरिकेत तो 17 फेब्रुवारी 1936 ला रोजच्या वर्तमानपत्रातल्या पट्टीत आला, सुपरमॅन 1938 चा, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा हा प्रकार सुपरमॅनच्याही आधी वेताळने केला. त्याच्याकडे शक्ती कुठलीच नाही, उडत नाही, भिंतीपलीकडचं दिसत नाही. बापामागून मुलगा अशा एकवीस पिढ्या तोच पोशाख घालतात आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय, म्हणून त्याचं नाव चालतं बोलतं भूत.

मराठीत त्याला वेताळ हे नाव कोणी दिलं मला माहीत नाही, पण ज्याने दिलं त्याला माझा नमस्कार आहे. आपल्याकडे वेताळ हा भुतांचा राजा, गावाची राखण करणारा, रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारणारा. कोकणात आणि गोव्यात त्याला चपला वाहतात, कारण रात्रभर चालून त्याच्या चपला झिजतात अशी लोकांची श्रद्धा. चालणारं भूत, राखण करणारं भूत! फँटमसाठी यापेक्षा नेमकं नाव जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलं असेल असं मला वाटत नाही. मी वेताळ टेकडीवर फिरायला जाते तेव्हा देवळापाशी दर वेळी हेच मनात येतं.

12 मे, रविवार

आज मोजणी. ओट्यावर जुनी सुती चादर अंथरली, हात धुऊन पूर्ण कोरडे केले (हातमोज्यांनी पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं, त्यामुळे स्वच्छ कोरडे हातच बरे), आणि एकेक खंड घेऊन अंकांची यादी एक्सेलमध्ये घातली.

14 खंडांत एकूण 151 अंक. वेताळ 88, मँड्रेक 37, फ्लॅश गॉर्डन 9, बहादूर 8, बाकीचे 9. सर्वात जुना क्रमांक 58. माझ्या 63 मधले 19 मामाकडेही आहेत, म्हणजे घरात वेगवेगळे अंक झाले 195. एकूण निघाले 803, म्हणजे आपल्याकडे चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी.

803 या आकड्याची एक गंमत आहे. क्रमांक लावत गेलं तर शेवट 805 वर येतो, पण 123 आणि 124 हे दोन अंक छापलेच गेले नाहीत, तेव्हाच्या संपामुळे. मी सुरुवातीला हे न कळल्यामुळे दोन वर्षं हे दोन अंक शोधत होते, पुण्यातल्या जुन्या बाजारात, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर, फाउंटनला, प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी देऊन ठेवली होती. मग एका जुन्या संग्राहक काकांनी सांगितलं की बाई ते अंक जन्मालाच आले नाहीत. माझ्या यादीत त्या दोन ओळी आता राखाडी रंगात आहेत.

दुसरा घोळ 1983 पासूनच्या अंकांचा. तोवर सलग क्रमांक होते, चारशे चाळीसच्या पुढेमागे पोचल्यावर ते बंद करून खंड 20 अंक 1 असं सुरू केलं (हा खंड म्हणजे मालिकेचं वर्ष, मामाचा बांधलेला खंड नव्हे). 1964 हा पहिला खंड धरला की 1983 विसावा बसतो, पण ज्यांच्या याद्या सलग क्रमांकाच्या त्यांच्याशी अदलाबदल करताना दर वेळी हिशोब करावा लागतो. मी दोन्हीसाठी वेगळे रकाने केलेत.

19 मे, रविवार

वास. खंड 6 उघडला की कुबट वास येतो आणि पाठीच्या कापडाखाली बारीक भोकं आहेत, त्यातून पिठासारखा भुगा पडतोय. कसर लागलीय. बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा केला.

औषध मारायचं नाही हे नक्की, कागदावर काहीही फवारायचं नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत, तो वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. गोठवायची पद्धत वापरणार आहे: खंड झिपच्या जाड पिशवीत, हवा काढून, वर दुसरी पिशवी, आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला यायला पूर्ण एक दिवस द्यायचा, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि कीड बरी अशी अवस्था होते. फ्रीजरचा एक अख्खा कप्पा रिकामा केला, मटार आणि आमरस शेजारच्या काकूंकडे.

2 जून, रविवार

खंड 6 काल काढला, आज उघडला. भुगा पडायचा थांबलाय. मऊ ब्रशने प्रत्येक पानाची आतली घडी झाडली, दीड तास गेला. महिनाभर वेगळाच ठेवून बघणार, खाली पांढरा कागद, नवीन भुगा पडतो का ते बघायला.

9 जून, रविवार

आज उसवायला सुरुवात करायची होती. खंड 1 घेतला, कटर हातात घेतला आणि थांबले, कारण पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या पानावर मामाच्या अक्षरात अनुक्रमणिका आहे. कॉलेजातलं अक्षर, निळी शाई, गोष्टीचं नाव, क्रमांक आणि पुढे एक रकाना "कुठे घेतले": मिरज जंक्शन, सांगली एसटी स्टँड, कोल्हापूर, बदल्यात. एका ओळीपुढे "ताप आला होता तेव्हा आण्णांनी आणले". आण्णा म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना कॉमिक विकत घेताना कधी कल्पनेतसुद्धा बघितलं नव्हतं, त्यांचा या सगळ्याला विरोध होता असंच घरात सांगतात.

हे पान उसवल्यावर कुठे जाणार? सुटे अंक कव्हरमध्ये, पुठ्ठा कचऱ्यात, आणि हे पान एका फाइलमध्ये कशाशीच न जोडलेलं. कटर ठेवून दिला.

15 जून, शनिवार

शनिवार पेठेतल्या बाइंडर काकांकडे खंड 1 आणि खंड 9 घेऊन गेले. वय सत्तरच्या पुढे, आता बहुतेक वकिलांच्या फायली आणि प्रबंध बांधतात. त्यांनी खंड हातात घेतल्या घेतल्या पाठीवरून बोट फिरवलं आणि दहा मिनिटांत सगळा इतिहास सांगितला.

बांधणाऱ्याने आधी प्रत्येक अंकाच्या पिना काढल्या. मग सगळे अंक ठोकून एकसारखे केले, डाव्या कडेला टोच्याने भोकं पाडून बाजूने जाड दोऱ्याने शिवले, पुठ्ठे लावले, पाठीला कापड आणि खळ, आणि शेवटी तीन बाजूंना कटिंग मारलं. कटिंगमध्ये वरचा खालचा पांढरा समास गेला, काही पानांवर चित्राची कडही गेली. शिलाई बाजूने असल्यामुळे खंड पूर्ण उघडत नाही, घडीजवळच्या चौकटीत काय आहे ते वाकून बघावं लागतं. हे सगळं उसवून काय होईल विचारलं तर म्हणाले, "ताई, दोरा निघेल हो, भोकं बुजणार आहेत का? आणि कापलेला कागद परत येणार आहे का?" उसवलेला अंक सुटा होईल पण सुट्यासारखा कधीच होणार नाही.

मग एक गोष्ट दाखवली जी मला दहा वर्षांत सुचली नव्हती. माझ्या पर्समध्ये अदलाबदलीसाठी नेलेला एक सुटा अंक होता, तो मधे उघडला. दोन्ही पिनांभोवती गंजाचा तपकिरी डाग आणि मधलं पान पिनेपाशी सुटून आलेलं, कारण गंजामुळे तिथला कागद खाल्ला जातो. खंड 9 मधला तेवढाच जुना अंक उघडला, घडी स्वच्छ, कारण पिना 40 वर्षांपूर्वीच काढलेल्या. आणि कडा सोडल्या तर पान आतून जवळजवळ पांढरं, कारण दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट दाबलेल्या कागदाला हवा आणि उजेड कमी मिळतो. हा न्यूजप्रिंट, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं आणि कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो. माझे सुटे अंक बिस्किटासारखे तुटतात. मामाचे वाकतात.

घरी येताना रिक्षात बसून डोळ्यात पाणी आलं. आम्ही संग्राहक बांधलेला खंड बघितला की नाक मुरडतो, "कापलाय, शिवलाय" म्हणून भाव पाडतो, आणि मराठी इंद्रजाल आज जेवढे उरलेत त्यातले कितीतरी कुणाच्या तरी मामाने, काकाने चार पैसे बाजूला काढून बांधून घेतले म्हणून उरलेत, नाहीतर सुटे अंक रद्दीत, शेंगदाण्याच्या पुडीत आणि वहीच्या कव्हरात कधीच गेले.

निर्णय: 14 खंड उसवायचे नाहीत. जसे आहेत तसे टिकवायचे.

23 जून, रविवार

पाऊस सुरू. हायग्रोमीटर आणला, कपाटात सापेक्ष आर्द्रता 81 टक्के. पन्नाशीच्या आसपास हवी, पुण्याच्या पावसाळ्यात ते एसीशिवाय शक्य नाही, पण 65 च्या खाली आणली तरी बुरशी सहसा धरत नाही. लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून होतं, ते आतल्या भिंतीला हलवलं आणि मागे चार बोटं जागा सोडली. सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या प्रत्येक कप्प्यात, नारिंगीचा हिरवा झाला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करायचा (ती कढई आता फक्त याच कामाची).

आठवड्याने मोजलं, 63. ठीक.

सुट्या अंकांची कव्हरंही बदलतेय. माझी जुनी स्टेशनरीच्या दुकानातली कव्हरं पीव्हीसीची निघाली, ती काही वर्षांनी चिकट होतात आणि मुखपृष्ठाची शाई ओढून घेतात, दोन वेताळांच्या चेहऱ्याचा रंग तसाच प्लास्टिकला लागून आला. आता पॉलिएस्टरची, ज्याला सगळे मायलर म्हणतात, ती घेतली. महाग आहेत, म्हणून आधी दोनशेच्या आतले क्रमांक आणि बाकीच्यांना पॉलिप्रॉपिलीन. गंजलेल्या पिना काढून त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालतेय, एका संध्याकाळी चार अंक होतात.

7 जुलै, रविवार

फसवणुकीची नोंद, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून साठच्या दशकातला एक वेताळ 1800 रुपयांना घेतला, फोटोत मुखपृष्ठ झळझळीत होतं. हातात आल्यावर आतली पानं खरी, मुखपृष्ठ कलर झेरॉक्स. भिंगाखाली खऱ्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके फुलासारखे एकमेकांत बसलेले दिसतात आणि शाई कागदात मुरलेली असते, झेरॉक्समध्ये टोनर वर बसलेला, तिरक्या उजेडात चमकतो, आणि घडीवर तडकतो. दुसरी परीक्षा अतिनील टॉर्चची, नोटा तपासायचा स्वस्तातला असतो तोच. हल्लीच्या पांढऱ्या कागदात उजळपणासाठी रसायन असतं, तो टॉर्चखाली निळा पेटतो, जुना कागद मंद राहतो. माझं मुखपृष्ठ ट्यूबलाइटसारखं पेटलं. पैसे परत मिळाले नाहीत. आता 500 च्या वरचा अंक टॉर्च आणि भिंगाशिवाय घ्यायचा नाही, आणि विक्रेत्याकडून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा फोटो आधी मागायचा.

25 जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी बघितलं तर सिंहगड रोडवर एकता नगरीत घरांत पाणी, लोकांना बोटीतून काढतायत. आम्ही उंचावर आहोत, आमच्याकडे काही नाही, पण बाल्कनीच्या दारातून ओल आत येत होती म्हणून ऑफिसला सुट्टी टाकून बसले. दहा वाजता मामाचा फोन. "तुम्ही सगळे बरे आहात ना?" मग थोडं थांबून, "आणि ते?" मी म्हटलं मामा, कपाटात आहेत, कोरडे आहेत, 68 टक्के आहे. त्याला टक्के कळले नाहीत पण "बरं" म्हणाला तेव्हा आवाज मोकळा झाला.

त्याच फोनवर पहिल्यांदाच बुडालेल्या तीन खंडांबद्दल बोलला. त्यांची यादी त्याच्याकडे वहीत आहे. म्हटलं, पाठव.

28 जुलै, रविवार

यादी आली, मामीने वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. खंड 15, 16, 17 मिळून 34 अंक. त्यात बहादूर बरेच. बहादूर आबिद सुरतींनी लिहिला, डिसेंबर 1976 मध्ये आला, लाल विटांच्या घराची पहिली गोष्ट, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. हे मुंबईत बसून तयार झालेलं आपलं पात्र, भगवा कुडता आणि जीन्स, चंबळचा प्रदेश, डाकू भैरवसिंगाचा मुलगा ज्याला बापाला मारणाऱ्या पोलिसानेच वाढवलं. बाकीचे नायक मुखवटा घालून एकटे लढतात, हा गावकऱ्यांना जमवून नागरिक सुरक्षा दल काढतो. मामा म्हणतो आम्ही वेताळ वाचून झाडावर चढायचो आणि बहादूर वाचून गल्लीत रात्रीची गस्त काढली होती, पाच दिवस टिकली. सुरती स्वतः नंतर मीरा रोडला दर रविवारी प्लंबर बरोबर घेऊन घरोघरच्या गळक्या तोट्या दुरुस्त करत फिरायला लागले, ते वाचल्यावर मला बहादूर कुठून आला ते समजलं.

प्रकल्पात नवीन काम: हे 34 अंक शोधायचे. माझ्या सुट्यांत त्यातले 4 आहेत. राहिले 30.

18 ऑगस्ट, रविवार

जुन्या बाजारात पावसामुळे निम्मे लोक आलेच नव्हते. एका भंगारवाल्याकडे बाराखडीची पुस्तकं आणि जुन्या दिवाळी अंकांच्या ढिगात दोन इंद्रजाल, एक यादीतला बहादूर! मुखपृष्ठाचा कोपरा नाही, आत कुठल्या तरी फिरत्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि "पान फाडल्यास पूर्ण किंमत घेतली जाईल". दोन्ही मिळून 300. राहिले 29.

1 सप्टेंबर, रविवार

फाटकी पानं. खंड 3 मध्ये कुणीतरी (मामा म्हणतो मी, मला आठवत नाही) सेलोटेप लावलीय. टेप वाळून पिवळी पडलीय, गोंद कागदात उतरलाय. हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून ऊब देत वरची फिल्म सोडवली, डाग राहिले, ते तसेच राहू दिले, रसायन लावायचं धाडस करणार नाही.

चिकटवायला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि खळ. खळ मैद्याची नाही, मैद्यातल्या चिकाला कीड लागते, गव्हाचा नुसता स्टार्च पाण्यात शिजवून गाळून घेतला. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, पण त्याने आम्लता वाढते, म्हणून मी घालत नाही, रोज ताजी थोडीशी करते आणि उरलेली टाकते. टिश्यूची कड कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ मारून फाडायची, म्हणजे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. वर कोरा कागद, वर वजन (पाटा). सहा पानं झाली. वेताळच्या घोड्याचं डोकं आणि धड 40 वर्षांनी एका रेषेत आलं.

15 सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपतीत काम बंद होतं. आज खंड 2 चे फोटो काढायला घेतले. पूर्ण उघडत नाही म्हणून पुठ्ठ्याचा इंग्रजी व्ही आकाराचा आधार केला, खंड त्यात काटकोनाहून थोडा जास्त उघडा ठेवायचा, एका वेळी एकच बाजू, पानामागे काळा कागद म्हणजे मागची छपाई फोटोत उमटत नाही.

फोटो काढताना पान नीट बघितलं जातं. इंद्रजालवाले रोजच्या पट्टीतल्या चौकटी कापून पानात बसवायचे, काही गाळायचे, काहींच्या कडा छाटायचे, त्यामुळे कधी गोष्ट उडी मारल्यासारखी वाटते ते आता कळलं. वेताळचा देश मूळ इंग्रजीत आधी बेंगाली आणि पुढे बंगाला, तो इथे डेंकाली झाला, सिंग चाच्यांचे सिंगा झाले. माझ्यासाठी तर डेंकाली हेच खरं नाव आहे, बंगाला वाचलं की दुसऱ्याच देशात गेल्यासारखं वाटतं.

फोटो फक्त घरच्यासाठी. पीडीएफ करून वाटा असं बरेच जण म्हणतात. हक्क दुसऱ्यांचे आहेत, मी वाटणार नाही. पण कुणाला एखादं पान बघायचं असेल तर घरी या, चहा पण देईन, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं.

6 ऑक्टोबर, रविवार

कोल्हापूरच्या एका संग्राहकाशी अदलाबदल: माझ्या डबल 19 पैकी 7 दिले, यादीतले 5 मिळाले. राहिले 24. त्यांना सगळी डबल बांधलेलीच दाखवून चालणार नव्हतं, म्हणून सुटे माझे दिले आणि मामाचे ठेवले. बाजाराच्या हिशोबात मी चांगली प्रत देऊन वाईट ठेवली. माझ्या हिशोबात नाही.

खंडांसाठी आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या, माप देऊन करून घेतल्या, 14. आडवे ठेवायचे, एकावर एक जास्तीत जास्त दोन, उभे ठेवले की जड पानांचा भार शिलाईवर येतो.

3 नोव्हेंबर, रविवार

मामा-मामी भाऊबीजेला आले. सकाळी फराळ होईपर्यंत मामा गप्प, मग हात धुऊन टॉवेलने नीट पुसून कपाटापाशी जाऊन उभा राहिला. पेटी काढून दिली. खंड 1, मामाने अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं, "आण्णांनी आणले" वर.

मी विचारलं, आण्णांना तर आवडायचं नाही ना? म्हणाला, "टायफॉइड होता मला, एकवीस दिवस. आण्णा मिरजेला ड्यूटीवर जायचे, येताना स्टेशनवरून एक घेऊन यायचे. उशाशी ठेवायचे आणि काही न बोलता जायचे. बरा झालो तसं बंद केलं." मग पान उलटलं, वरच्या कोपऱ्यातून.

दुपारी बुडालेल्या तीन खंडांचे जमलेले 10 अंक त्याला दाखवले. वाचनालयाच्या शिक्क्याचा बहादूर बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "सगळे झाले की बांधून घे." मी बाइंडर काकांना आधीच विचारून ठेवलं होतं. कटिंग न मारता, बाजूने न टोचता, प्रत्येक अंक त्याच्या घडीतूनच शिवून, मधे कागदाच्या पट्ट्या देऊन बांधता येतो, पूर्ण उघडतो आणि उद्या कुणाला सोडवायचा असेल तर अंकाला इजा न होता सुटतो. मामाला हे सगळं सांगितलं. त्याने फक्त विचारलं, "कापड लाल की निळं?" 15 आणि 17 लाल होते, 16 निळा.

खंड 6 खालच्या पांढऱ्या कागदावर पावसाळ्यानंतर पुन्हा थोडा भुगा दिसला, म्हणून आज रात्री परत फ्रीजरमध्ये. 17 तारखेला काढायचा, 18 ला उघडायचा. यादीतले राहिलेले 24 क्रमांक जुन्या बाजारातल्या तिघांकडे, माटुंग्याला आणि फाउंटनला नव्याने लिहून द्यायचे.